चिठ्ठीत आलेली बाजू

भाऊ दातारांचं स्वतःचं मत काय आहे, हे त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हतं. हेमाकाकू हे कौतुकाने सांगायच्या की वैतागून, ते मला कधी कळलं नाही. निवडणुकीला दोघं बरोबर जायचे, बोटाला शाई लावून बरोबर परत यायचे, आणि वाटेत काकूंनी विचारलंच तर भाऊ म्हणायचे, "तू दोन्ही बाजूंनी विचार केलास ना? मग झालं."

डोंबिवलीत व्याख्यानांचं वेड असलेली माणसं पुष्कळ. इथे लोक भाषणाला जागा धरायला रुमाल टाकून चहाला जातात. पण भाऊंचं वेड वेगळ्या प्रतीचं. टेलिफोन खात्यातली नोकरी त्यांनी पोटासाठी केली, जगले ते वादविवाद मंडळासाठी. दर रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत मंडळ भरायचं, अजूनही भरतं. नियम एकच. विषय आधी ठरतो, बाजू ठरत नाही. ऐन वेळी स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढायची आणि जी बाजू येईल ती जीव तोडून लढवायची. आपलं मत चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचं, असं भाऊ सांगायचे. शाळेत असताना मी हुंड्याच्या बाजूने बोलून ढाल जिंकले आहे. आईने माझ्याशी अबोला धरला आणि भाऊंनी मला मिसळ खाऊ घातली.

मी मैथिली. भाऊंच्याच इमारतीत वाढले, त्यांच्याकडे बोलायला शिकले, आता ज्युनियर कॉलेजात शिकवते. तोंडाची तिखट आहे असं लोक म्हणतात. त्यात अर्धा वाटा भाऊंचा आहे.

मंडळातले सगळे तसे एकाच छापाचे. जोशी, लेले, साठे, कोणी बँकेतून निवृत्त, कोणी शाळेतून. त्यात फेलिक्सकाका एकटे वेगळे. मूळचे ठाण्याचे, चर्चजवळच्या वाडीतले. घरची भातशेती कधीच इमारतींखाली गेली. आंबिवलीच्या एका कारखान्यात फिटर होते, म्हणून ठाकुर्लीला घर केलं. मुलगी व्हेनेसा भाऊंकडे वादविवाद शिकायला यायची, तिला सोडायला हे यायचे आणि शेवटच्या बाकावर बसायचे. मुलगी लग्न होऊन वसईला गेली, बाप बाकावर राहिला. हळूहळू चिठ्ठीही काढायला लागला.

फेलिक्सकाका कायम हरायचे. जे पटत नाही ते त्यांच्या तोंडून निघायचंच नाही. एकदा त्यांना चिठ्ठी आली, 'रस्त्यांसाठी गावठाणं तोडावीत'. उभे राहिले, खिशातून रुमाल काढला, घाम पुसला, "नको तोडूया," म्हणाले आणि बसले. आम्ही हसून हसून लोळलो. भाऊ मात्र हसले नव्हते. परत जाताना ते फेलिक्सकाकांच्या खांद्यावर हात टाकून चालत होते, आणि पुढे ती त्या दोघांची सवयच झाली. भाऊंना इतकी वर्षं फक्त चांगले वक्ते भेटले होते, मित्र हा एकच.

मग फेलिक्सकाकांच्या किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. आमच्या भागात पालिकेचा एक दवाखाना आहे, रंगावरून सगळे त्याला पिवळा दवाखाना म्हणतात. त्याच्या पहिल्या मजल्यावर डायलिसिसची खोली आहे आणि तिथे पैसे पडत नाहीत. कारखाना केव्हाच बंद पडलेला, पेन्शन नावापुरती. बाहेर पैसे भरून डायलिसिस करणं फेलिक्सकाकांना जमणारं नव्हतं. ती खोली आहे म्हणून हा माणूस आहे, इतकी ती गोष्ट सरळ होती. भाऊ त्यांना रिक्षाने घेऊन जायचे, मशीन चालू असेपर्यंत स्टुलावर बसून पेपर वाचून दाखवायचे आणि घरी सोडायचे. त्या स्टुलावर बसून भाऊंनी फेलिक्सकाकांचं जे ऐकलं, ते त्यांच्या बायकोने, फेलिशियाकाकूंनीही ऐकलं नसेल.

या वर्षी पालिकेने ठराव आणला. पिवळा दवाखाना एका खाजगी संस्थेकडे चालवायला द्यायचा. इमारत पालिकेची, कारभार संस्थेचा. संस्था नवीन मशीनं आणणार, भिंती रंगवणार, डॉक्टर वेळेवर येणार. डायलिसिस फुकट राहणार का, यावर कोणी सरळ बोलेना. 'गरजूंना सवलत' असं लिहिलं होतं. गरजू कोण ते कोण ठरवणार, हे लिहिलं नव्हतं. फेलिक्सकाका तीनदा खिडकीवर विचारून आले आणि तीनदा त्यांना वेगवेगळं उत्तर मिळालं.

अशा वेळी आमच्या मंडळाने काय करावं? विषय ठेवला, 'समाजवाद की भांडवलशाही: दवाखाना कोणी चालवावा?' मी भाऊंना घरी जाऊन सांगितलं, हा विषय नको. आपल्यातल्याच एकाचा जीव त्यात अडकलाय. भाऊंनी मला शांतपणे समजावलं की विषय तापलेला असतो तेव्हाच चिठ्ठीची खरी गरज असते, नाहीतर माणसं फक्त आपापली भीती बोलतात. मी म्हटलं, बोलू देत की भीती. त्यांना ते पटलं नाही. मला त्यांचा तेव्हा राग आला होता, आणि तो राग बरोबर होता.

चिठ्ठ्या निघाल्या. फेलिक्सकाकांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची बाजू आली: सरकारने चालवावा. भाऊंना दुसरी.

फेलिक्सकाका छान बोलले. त्यांच्या परीने. वाडीतल्या विहिरीबद्दल बोलले, तिला मालक नव्हता, दर वर्षी सगळे मिळून गाळ काढायचे. म्हणाले, गिऱ्हाईक महाग वाटलं तर दुकानातून बाहेर पडतं, आजारी माणूस कुठे बाहेर पडणार? लेलेकाकांनी सुद्धा मान डोलावली.

मग भाऊ उठले. मी त्यांची शेकड्यांनी भाषणं ऐकली असतील, असं भाषण ऐकलं नाही. त्यांनी विहीरच उचलली. गाळ काढणारी वाडी राहिली नाही, म्हणाले, आता विहीर सगळ्यांची आहे म्हणजे कुणाचीच नाही. दुकानदाराला निदान गिऱ्हाईक परत येण्याची काळजी असते, इथे मशीन बंद पडलं तर कोणाची झोप उडते? आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, माझा एक मित्र आहे. पाय सुजलेले, धाप लागलेली, असा तो डायलिसिसला गेला आणि मशीन बंद म्हणून त्याला परत पाठवलं. तो दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. फुकट मिळालेल्या त्या हक्काचं त्याने काय करायचं?

तो मित्र कोण, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. फेलिक्सकाका खाली जमिनीकडे बघत बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते. मतं घेतली, भाऊ जिंकले. फेलिक्सकाका चपला घालून कोणाशी न बोलता खाली उतरले. पुढच्या मंगळवारी भाऊ नेहमीच्या कोपऱ्यावर रिक्षा घेऊन थांबले, तर फेलिक्सकाका फेलिशियाकाकूंबरोबर आधीच निघून गेलेले. फोन केला तर उचलला नाही.

इथवर दोन म्हाताऱ्यांचं भांडण होतं. पण मंडळाचे चिटणीस आनंद साठे यांनी जिंकलेलं भाषण फोनवर रेकॉर्ड केलं होतं, ते कौतुकाने मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. तिथून ते सोसायट्यांच्या ग्रुपवर गेलं, आणि जाता जाता कोणीतरी त्याला शीर्षक चिकटवलं: 'ज्येष्ठ समाजवादी विचारवंतही म्हणतात, दवाखाने खाजगीच हवेत!' चाळीस वर्षं ज्याने आपलं मत बायकोला कळू दिलं नाही, त्याला गावाने एका दिवसात आधी समाजवादी केलं आणि लगेच पक्षही बदलायला लावला. भाजीवाल्यापासून सगळे भाऊंना थांबवून सांगायला लागले, अगदी बरोबर बोललात. भाऊ प्रत्येकाला चिठ्ठीचा नियम समजावत. लोक ऐकून घेत आणि पुन्हा म्हणत, पण बोललात ते बरोबर.

ठरावावर लोकांचं म्हणणं ऐकायला पालिकेने जनसुनावणी ठेवली, तिच्या आधी भाऊंकडे नील आला. नील परांजपे, भाऊंचा आजवरचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आता त्याच खाजगी संस्थेत कामाला. मी तिथेच होते. नील वाईट मुलगा नाही. भाऊंच्या पाया पडला आणि म्हणाला, सुनावणीत तुम्ही बोला, तुमच्याइतकं चांगलं आमच्यापैकी कोणी मांडू शकत नाही. भाऊंनी त्यालाही चिठ्ठी सांगितली. त्यावर त्याने भाऊंनीच शिकवलेल्या पद्धतीने, अतिशय नम्रपणे विचारलं, "पण भाऊ, त्यातला कुठला मुद्दा खोटा होता?"

भाऊंनी त्याला दारापर्यंत सोडलं. परत येऊन मला म्हणाले की ते सुनावणीला जाणार, ठरावाच्या विरुद्ध बोलणार, आणि स्वतःचं भाषण स्वतःच खोडून काढणार. त्यानंतरचे दिवस मी त्यांना गॅलरीत येरझारा घालताना बघत होते. हेमाकाकू सांगत होत्या, जेवतात कमी, पुटपुटतात जास्त. भाषण इतकं पक्कं बांधलेलं होतं की त्याला फट सापडेना. मला भाऊंची कीव येत होती आणि आतून बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

सुनावणी ठेवली होती दवाखान्याच्याच तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, मंगळवारी सकाळी. हॉल भरला होता. सोसायट्यांचे अध्यक्ष, संस्थेची माणसं, एक-दोन पत्रकार. समोर टेबलाशी पालिकेच्या अधिकारी बाई, दमलेल्या चेहऱ्याच्या पण नीट ऐकणाऱ्या. आधी नील बोलला. सगळे मुद्दे भाऊंचे, आणि तसं त्याने हात जोडून सांगितलंही. पायरीवर रडलेला मित्रही त्याने सोडला नाही.

मग भाऊ उभे राहिले. सुरुवात नेहमीसारखी, पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा. सरकारी दवाखाना बिघडतो कारण आपण तो बिघडू देतो, तपासणारं कोणी नाही म्हणून खाजगीही बिघडेल. चांगलं चाललं होतं. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "भाऊ, आज कुठली चिठ्ठी आली?"

सगळा हॉल हसला. अधिकारी बाईसुद्धा ओठ दाबून हसल्या. मी उठून त्या ओरडणाऱ्याला काय ते सुनावणार होते, पण भाऊंनी मला खूण करून बसवलं.

"ते भाषण चिठ्ठीचं होतं," ते म्हणाले. आवाज वेगळाच होता, वक्त्याचा नव्हता. "पण पायरीवर रडलेला माणूस चिठ्ठीतला नव्हता. ते मला एका मित्राने विश्वासाने सांगितलं होतं, आणि मी ते जिंकायला वापरलं. वर अर्धंच वापरलं. त्या दिवशी इथल्या शेवंती सिस्टरने आपली ड्यूटी संपल्यावर त्याला रिक्षात घालून कल्याणच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे भांडून मशीन मिळवून दिलं. हेही त्याने मला सांगितलं होतं. मी कापलं, कारण माझ्या बाजूला ते नको होतं."

हसणं थांबलं होतं. नीलने मान खाली घालूनच विचारलं, मग भाऊ, दवाखाना कोणी चालवावा? आता हॉलमधला प्रत्येक माणूस भाऊंकडे बघत होता. इतक्या वर्षांत त्यांना त्यांचं मत पहिल्यांदा कोणीतरी चारचौघांत विचारत होतं, आणि उत्तर द्यायचं टाळायला नियम शिल्लक नव्हता.

"मला माहीत नाही," भाऊ म्हणाले. "मी दोन्हीकडून इतकं बोललोय की मला खरंच माहीत नाही. मला माझा मित्र जगायला हवा आहे, एवढं माहीत आहे. तो आत्ता आपल्या डोक्यावरच्या खोलीत मशीनला जोडलेला आहे. त्याच्यासारखे बाकीचेही. मंगळवार त्यांचा दिवस. ज्यांना विचारायचं, तेच येऊ शकणार नाहीत अशा वेळी तुम्ही विचारायला बसलात."

टाळ्या पडल्या नाहीत. असल्या बोलण्याला पडत नाहीत. पण अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं, वर छताकडे एकदा बघितलं, शेजारच्या माणसाशी काहीतरी बोलल्या आणि सुनावणी रविवारवर ढकलली. संस्थेच्या लोकांनी आरडाओरडा केला. बाई उठून गेल्या.

आम्ही जिन्याने वर गेलो. मला वाटत होतं, आता मिठ्या, अश्रू, जे काय ते होईल. मी तर रुमालही काढला होता. हॉलचा माईक मोठा, खिडक्या उघड्या. वर शब्दन् शब्द ऐकू आलेला. फेलिक्सकाका मशीनशेजारी पडून होते, हाताला नळ्या. भाऊंकडे बघून त्यांनी चेहरा भिंतीकडे वळवला.

"परत सांगितलंस," ते म्हणाले.

भाऊंना कळेना. मलाही क्षणभर कळलं नाही.

"परत सांगितलंस ना माझं. तवा जिंकायला, आज माफी मागायला. मना विचारलंस? जिना चढून यायला काय लागत होतं तुना?"

भाऊ स्टुलावर बसले. चुकलं म्हणाले. पुढे अजून काहीतरी सांगायला लागले, तर फेलिक्सकाकांनी मोकळा हात वर करून त्यांना थांबवलं. फेलिशियाकाकू मला खुणेने म्हणाल्या, थांब, बोलू नको.

"रविवारी मी बोलणार," फेलिक्सकाका शेवटी म्हणाले. "तू समोर बसायचं. एक शब्द बोलायचा नाय."

भाऊंनी मान हलवली.

शेवटी काय झालं ते आधीच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही. दवाखाना संस्थेकडे गेला. डायलिसिसची खोली मात्र पालिकेने स्वतःकडे ठेवली, फुकट, जुन्याच मशीनांसकट. कोणीच पूर्ण जिंकलं नाही. खालच्या भिंती रंगवून झाल्या आहेत आणि वरच्या खोलीचं छत गळतंय. डॉक्टर आता वेळेवर येतात, हेही खरं आहे. नील मला भेटतो तेव्हा म्हणतो, बघ, आणि मी म्हणते, तू वर जाऊन बघ.

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारचं. डायलिसिसचे पेशंट आले होते, हातांना पट्ट्या, सुजलेले पाय, कोणी मुलाच्या आधाराने, कोणी एकटे. फेलिक्सकाकांचं नाव पुकारलं. चर्चला घालतात तो पांढरा शर्ट त्यांनी घातला होता. माईक धरता येईना, म्हणून फेलिशियाकाकूंनी तो धरला. भाऊ पहिल्या रांगेत, बरोबर त्यांच्या समोर.

फेलिक्सकाका वाईट बोलले. आधी सांगितलं, मशीनं बंद पडतात, हे खोटं नाही. तिथे नीलच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. मग शेवंती सिस्टरचं सांगितलं. मग म्हणाले, नवीन मशीनं पाहिजेत, संस्थेची असली तरी पाहिजेत, पण दारावर कोणी 'तू गरजू आहेस का' असं विचारायला नको. आजारी माणसाला दारात परीक्षा नको. एक मुद्दा दुसऱ्याला कापत होता. मंडळात असतं तर पहिल्या फेरीतच बाद झाले असते.

"आन मी रडलेलो," ते म्हणाले. "पायरीवर. सगल्यांना म्हाईत झालंय, तर माज्या तोंडून पण ऐका. मी मशीन बंद होतं म्हणून नाय रडलो. मी रडलो, कारण..."

आणि अडकले. शब्द सापडेना. रुमाल काढला, पुसला, परत सुरुवात केली, "कारण मना वाटलं..." परत थांबले. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. अधिकारी बाई थांबल्या होत्या. फेलिक्सकाका भाऊंकडे बघायला लागले.

भाऊंना ते वाक्य माहीत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं. स्टुलावर बसून त्यांनी ते ऐकलं होतं, पूर्ण, आणि तो पायरीवरचा माणूस काय म्हणत होता ते भाऊ दातार एका श्वासात असं सांगू शकले असते की हॉल उठून उभा राहिला असता. त्यांचे ओठ हलले. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले, मानेची शीर ताठ. मग त्यांनी ओठ मिटले आणि मिटलेलेच ठेवले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी.

फेलिक्सकाकांनी वाट बघितली. मग भाऊंवरची नजर काढून समोर बघितलं आणि स्वतःच्या शब्दांत, थांबत थांबत, वाक्य पुरं केलं. म्हणाले, घरी परत जायची लाज वाटली होती. बायकोला काय सांगू, आज आपल्याला जगायला दिलं नाय?